शाखा बदलाचा अर्ज

अकरावीला विज्ञान घ्यायचं हे माझं मी ठरवलं नव्हतं. ते गावानं ठरवलं होतं, आणि तेही मी सातवीत असताना. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण आमच्याकडे सगळंच गाव ठरवतं. तेंदूपत्ता कधी तोडायचा, बांबू जंगलाच्या कोणत्या अंगाचा काढायचा, पेनाची, म्हणजे आमच्या देवाची, पूजा कोणत्या दिवशी करायची. मोहाच्या झाडाखाली सगळे बसतात आणि एकाचाही नकार असेल तर ठराव होत नाही. हात वर करून मोजणी नाही. निम्म्यांपेक्षा एक जास्त झाला म्हणून बाकीच्यांनी तोंड शिवून घरी जायचं, ही रीत आमच्या लोकांना आजही पटत नाही. एकानं नाही म्हटलं की उद्या पुन्हा बसायचं, बस.

गाव पोंभुर्णा तालुक्यातलं. एसटी डांबरी रस्त्यावर सोडते, तिथून पुढे जंगलातून पायी, आणि मध्ये एक नाला. उन्हाळ्यात त्यात वाळू असते. पावसाळ्यात तो भरला की गाव आत राहतं आणि दुनिया बाहेर.

मी सातवीत होते त्या पावसाळ्यात माझी चुलत बहीण गेली. मोठी माय म्हणजे माझ्या बाबांच्या मोठ्या भावाची बायको. तिची ती एकुलती एक पोरगी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. कळा सुरू झाल्या आणि अडल्या. खाटेवर टाकून तिला नाल्यापर्यंत नेलं. पाणी उतरायची वाट बघत माणसं काठावर बसून राहिली, आणि पाणी उतरायच्या आधी ती गेली, पोटातल्या लेकरासकट. तिचे दिवस झाल्यावर गाव झाडाखाली बसलं आणि ठरलं की गावातली जी पोरगी पहिल्यांदा दहावी चांगल्या मार्कांनी पास होईल तिला नर्स करायचं. ती गावातच राहील. नाला भरो की न भरो, नर्स नाल्याच्या आत असेल. यात चूक काय होतं? काहीच नाही. मीसुद्धा मान हलवली होती. फक्त ती पोरगी मी निघाले, एवढीच गडबड झाली.

मधल्या काळात आमच्या घरी दुसरं एक घडलं. आमची एक बांधी, म्हणजे धानाचा तुकडा, जंगलाला लागून आहे. आजोबांपासून आम्ही ती करतो. तिच्या हक्कासाठी बाबांनी दावा केला होता. एके दिवशी कुठल्याशा कचेरीतला एक माणूस आला, मोजणी झाली म्हणाला, इथे सही करा म्हणाला. आता बाबांना वाचता फारसं येत नाही, पण नाव मात्र झोकात लिहितात आणि त्याचा त्यांना भारी तोरा. खाटेवर बसून एकट्यानंच ऐटीत सही ठोकली. पुढे दावा फेटाळल्याचं पत्र आलं. ते रस्त्यावरच्या दुकानात कितीतरी महिने पडून होतं. माझ्या हातात आलं तेव्हा मी नववीत होते. मी ते चार वेळा वाचलं. त्यात लिहिलं होतं की सदर जमीन आपण कसत नसल्याचं अर्जदारानं स्वतःच लिहून दिलं आहे. खाली बाबांची सही, झोकदार.

ते पत्र घेऊन आम्ही बापलेक चंद्रपूरला गेलो. किल्ल्याच्या भिंतीजवळ एका माडीवर एक वकीलबाई बसायच्या. मला जे वाचायला अख्खी संध्याकाळ लागली होती ते त्यांनी चहा निवायच्या आत वाचलं आणि एकच विचारलं, पत्र कधीचं आहे? मग म्हणाल्या, साठ दिवसांत अपील करायला हवं होतं, आता फार कठीण आहे. त्या चांगलं बोलल्या, तरी मला राग आला. त्यांचा, बाबांचा, दुकानदाराचा, आणि वाचता येत असून वेळेवर न वाचल्याबद्दल माझा स्वतःचा. माझं डोकं आधीच लवकर तापतं. जिना उतरता उतरता मी परत वर गेले आणि विचारलं की तुमच्यासारखं व्हायला काय करावं लागतं. त्या हसल्या नाहीत. बारावीनंतर प्रवेश परीक्षा, मग पाच वर्षं, असं नीट सांगितलं. आणि म्हणाल्या, बारावी कोणत्याही शाखेची चालते.

हे शेवटचं वाक्य पुढे माझ्याच गळ्यात पडलं.

त्या पत्रानंतर गावानं आणखी एक गोष्ट ठरवली. यापुढे कुणीही एकट्यानं कुठल्याच कागदावर सही करायची नाही, अंगठा द्यायचा नाही. कागद झाडाखाली येईल, मोठ्यानं वाचला जाईल, त्याचा अर्थ सगळ्यांना कळेल, आणि कुणाचाच नकार नसेल तर सही होईल. वाचायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. शाळेचा दाखला असो की लग्नाची पत्रिका, सगळं मी वाचून दाखवत असे. लग्नाच्या पत्रिकेवर सही नसते हे पटवायला मला बराच वेळ लागला होता.

दहावी झाली, मार्क चांगले पडले, आणि तालुक्याच्या कॉलेजात गावातल्या दोन माणसांनी जाऊन माझं नाव विज्ञानात घातलं. पंधरा दिवस मी तिथे बसले. खोटं कशाला बोलू, मी ढ नव्हते. जीवशास्त्र मला आवडायचंसुद्धा. पण शेजारच्या खोलीत कला शाखा होती, आणि एका दुपारी भौतिकशास्त्राचा तास रिकामा गेला म्हणून मी व्हरांड्यात उभी होते. आत राज्यशास्त्राचे सर नागरिकाचे हक्क शिकवत होते. सांगत होते की सरकारलासुद्धा का म्हणून विचारता येतं, आणि ते कुठे आणि कसं विचारायचं याची रीत ठरलेली आहे. मी खिडकीत तशीच उभी राहिले. सरांनी विचारलं, बाई, तुझा वर्ग कोणता? मी म्हटलं, अजून ठरायचा आहे. आतली पोरं हसली, आणि मला मात्र कळलं की माझं ठरलं.

दुसऱ्याच दिवशी मी कॉलेजच्या कार्यालयातल्या बाबूंकडून शाखा बदलाचा अर्ज घेतला. शेवटची तारीख शनिवार. मुलगी आहे म्हटल्यावर त्यांनी विषयांच्या रकान्यात न विचारता गृहअर्थशास्त्र लिहून टाकलं. मी त्यांच्यासमोरच ते खोडून राज्यशास्त्र लिहिलं. इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र त्याच्याखाली. ते म्हणाले, मुली हेच घेतात. मी म्हटलं, मी हे घेते. मग त्यांनी खाली बोट ठेवलं: इथे पालकांची सही आण.

घरी येऊन मी अर्ज बाबांपुढे धरला. बाबांनी पेन खिशात ठेवून दिलं.

"झाडाखाली वाचून दाखव," ते म्हणाले. "एकट्यानं सही नाई करत मी आता."

मी त्यांना समजावून थकले. हा तसला कागद नाही, ही नुसती कॉलेजची सही आहे, दुनियेत कुठलाच बाप पोरीच्या कॉलेजच्या अर्जासाठी गाव गोळा करत नाही. बाबा ऐकेनात. त्या माणसानंही नुसतीच सही आहे असं म्हटलं होतं, एवढंच ते म्हणाले. कप्पाळ. नियमाला कारण आमचंच पत्र होतं आणि नियम पाळायला लावणारी वाचकीण मीच होते.

गुरुवारी सकाळी गाव बसलं. रोवणी तोंडावर होती, सगळ्यांना शेतात जायची घाई, तरी सगळे आले. मी अर्ज वाचला. सगळे एकदम बोलायला लागले. कुणी म्हणालं, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये आणि ही पोरगी तिथेच घर बांधायला निघाली. कुणी म्हणालं, गावानं ठरवलेलं मोडायचं म्हणजे उद्या तेंदूपत्त्याचंही कुणी ऐकणार नाही. आणि मग आमचा भूमक, म्हणजे गावची पूजाअर्चा पाहणारा म्हातारा, त्यानं नेमकं बोट ठेवलं. कोणतीही शाखा चालते असं वकीलबाईनंच सांगितलं ना? मग विज्ञानातच राहा. बारावीला जे जमेल ते कर. नर्स झाली तर गावाचं, वकील झाली तर तुझं.

ऐकायला किती गोड. याच गोडव्याला मी भीत होते. मी त्यांना सांगितलं की दोन्ही डगरींवर पाय ठेवणारा मधल्या पाण्यात पडतो. दोन वर्षं मी नर्सिंगच्या वाटेवर चालले, तुम्ही सगळे माझ्याकडे नर्स म्हणून बघत राहिलात, तर बारावीनंतर नाही म्हणायला मला तोंडच उरणार नाही. नाही म्हणायचं तर आत्ताच.

एकेक जण सैल पडत गेला. बाबांनी मान हलवली. माझी माय, जी चारचौघांत कधी बोलत नाही, ती म्हणाली की पोरगी रडून मागत नाही, सांगून मागते, तर द्यावं. शेवटी भूमकानं विचारलं, कुणाचा नकार आहे काय?

मोठी माय मागे बसली होती. ती उभीही राहिली नाही.

"माझा हाय," ती म्हणाली.

झालं. गाव उठलं. उद्या पुन्हा बसायचं.

शुक्रवार आणि शनिवार, दोनच दिवस हातात होते. दुपारी मी तिच्या बांधीत गेले. ती गुडघाभर चिखलात वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटत होती. मी काठावरून सुरू केलं. आधी नीट बोलले, तिनं वर पाहिलं नाही. मग विनवलं, तरी नाही. मग माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, तुझी पोरगी गेली म्हणून मी माझा जन्म तिच्या नावानं लिहून देऊ काय?

तिनं हातातली पेंढी बांधली, बाजूला ठेवली, आणि दुसरी मूठ उपटायला घेतली. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

मी घरी पोचायच्या आधीच मायला हे कळलं होतं. चिखलातल्या इतर बायकांनी ऐकलं होतं ना. ती म्हणाली, वकील होशील तं होशील, पण आधी तिच्या दारात जाऊन पाय धर. मी गेले नाही. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा अकड जास्त होती. माझंच खरं आहे असं मी स्वतःला सांगत बसले. ते खरं होतंही. पण खरं असलं म्हणून ते तसं तोंडावर फेकून मारायचं नसतं, हे मला माहीत नव्हतं असंही नाही.

शुक्रवारी सकाळी सगळे झाडाखाली आले, मोठी माय आली नाही. काही जण म्हणाले, तिनं काल नाही म्हटलं, तेच धरा आणि विषय संपवा. मी मनातून हरले होते. तेवढ्यात भूमक काठी टेकत उठला आणि म्हणाला की जो येत नाही त्याच्या दारी गाव जाते. आणि खरंच सगळे उठले, पोराबाळांसकट, आणि तिच्या अंगणात जाऊन बसले.

ती सूप घेऊन टोळी, म्हणजे मोहाच्या बिया, निवडत होती. आम्हाला बघून दचकली नाही. घरात गेली आणि प्लास्टिकच्या पिशवीतून घडी घातलेला एक कागद घेऊन आली. तो तिनं माझ्या हातात दिला.

"पोरीचा कागद हाय. तिच्या मरणाचा. तेव्हा सायबानं माझा अंगठा घेतला होता. कोणी वाचून नाई दाखवला मले. तू वाच."

मला वाटलं मृत्यूचा दाखला असेल. घडी उघडली. तो दाखला नव्हता, कुठल्यातरी चौकशीचा जबाब होता, त्याची झेरॉक्स. मी मोठ्यानं सुरू केलं, तारीख, गाव, वय. आणि मग पुढचं वाक्य डोळ्यांनी आधी वाचलं गेलं आणि माझी जीभ थांबली. लिहिलं होतं की वारंवार समजावून सांगूनही नातेवाइकांनी रुग्णास दवाखान्यात नेण्यास नकार दिला. खाली तिचा अंगठा.

सगळं अंगण माझ्याकडे बघत होतं. मी ते वाक्य गाळू शकत होते. दोन ओळी सोडून, देवाघरी गेली असं काहीतरी वाचून घडी घातली असती तर कुणाला कळणार होतं? वाचता येणारी मी एकटी. आणि हे वाक्य त्या बाईला ऐकवायचं, आदल्याच दिवशी मी तिला जे ऐकवलं होतं त्यावर?

"थांबली काऊन?" ती म्हणाली. "वाच ना."

मी वाचलं. जसं होतं तसं. मग आमच्या बोलीत अर्थ सांगितला: यात लिहिलंय की तूच तिला दवाखान्यात नेऊ दिलं नाही.

मग तिनं मान वळवली आणि माणसांकडे बघून विचारलं, "खाट कोणी उचलली होती?"

"मी," बाबा म्हणाले.

"मी पुढं होतो," भूमक म्हणाला. आणखी दोघे बोलले. एकजण म्हणाला की नाल्याच्या काठावर ती ओली होऊ नये म्हणून बोंगा धरून मीच उभा होतो, असा पानांचा बोंगा, इरल्यासारखा, तिच्या डोक्यावर. मग तो बोलता बोलता रडायलाच लागला. इतकी वर्षं कुणी त्या दिवसाबद्दल बोललं नव्हतं.

मोठ्या मायनं माझ्याकडे बघितलं. "मंग हे खोटं हाय, ते कुठी सांगाचं?"

"मले माहीत नाई," मी म्हटलं.

"नर्सबाईले माहीत रायते काय?"

"नाई."

"वकिलाले?"

"रायते."

तिनं कागदाची घडी घातली. पिशवीत ठेवला. सुपातल्या बिया उगाच खालीवर केल्या. कुणीही तिला घाई केली नाही. आमच्याकडे नकार देणाऱ्याला घाई करत नाहीत.

"माझं नाई म्हणणं परत घेतलं," ती म्हणाली. "पण गावाले नर्स पायजे म्हणजे पायजेच. ते तुह्या डोक्यावर. अन् हा कागद तुह्या डोक्यावर."

मी खाली वाकले आणि तिचे पाय धरले. कालचं मी वाईट बोलले असं म्हणायचं होतं, पण रडण्यात ते नीट निघालंच नाही. ती म्हणाली, उठ, लोकायले शेतात जाचं हाय. मग भूमकानं शाईचा डबा मागवला आणि बाबांनी अर्ज उंबऱ्यावर ठेवून सांगितलं की आधी वहिनीचा अंगठा. पालकांच्या सहीच्या जागेवर तिनं अंगठा दाबला, चांगला जोरात. त्याखाली बाबांनी सही केली. आणि नियम तो नियम, त्याखाली मायनं, भूमकानं, आणि मग सगळ्या गावानं. पुढची बाजू भरली तेव्हा अर्ज उलटा केला.

शनिवारी नाल्याला मांडीइतकं पाणी होतं. अर्ज प्लास्टिकमध्ये गुंडाळून डोक्यावर धरून मी नाला ओलांडला आणि कार्यालय उघडायच्या आधी दाराशी जाऊन उभी राहिले. बाबूंनी अर्ज हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, चष्मा काढून पुसला. हे काय आहे, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पालकांची संमती. ते म्हणाले, पालक एक असतो, बाई. हा अर्ज खराब झाला, नवीन घे आणि सोमवारी ये. सोमवारी तारीख गेलेली असेल, मी म्हटलं. त्याला मी काय करू, ते म्हणाले, आणि अर्ज माझ्याकडे सरकवला.

मी तो परत त्यांच्याकडे सरकवला.

"नाकारायचा असेल तर नाकारा," मी म्हटलं. "पण काऊन नाकारला ते यावर लिहून द्या. खाली सही करा, आजची तारीख टाका."

आवाज चढवला नाही. मागे रांग लागली होती, मी हलले नाही. बाबूंनी पेन उचललं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा त्या अंगठ्यांकडे पाहिलं. असं लिहून देणं म्हणजे काय हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार. ते काही न लिहिता उठले, आत प्राचार्यांकडे गेले आणि परत येऊन त्यांनी शिक्का मारला. पावती मागितल्यावर तीही दिली, जरा आदळूनच.

त्याच दुपारी मी राज्यशास्त्राच्या तासाला आत जाऊन बसले. ओल्या कपड्यांनी बाक भिजला म्हणून शेजारची पोरगी वैतागली.

आता मी चंद्रपूरला कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. मोठ्या मायच्या कागदाविरुद्ध अर्ज गेला आहे. खाट उचलणाऱ्या सगळ्यांचे जबाब मी लिहून घेतले आणि प्रत्येकाला वाचून दाखवले. निकाल यायचा आहे. आणि गावात नर्स अजून नाही. त्यासाठीही अर्ज करते आहे, एकामागून एक, पण येत्या पावसाळ्यात नाला भरेल तेव्हा आत कुणीच नसेल. दर सुट्टीत मी घरी गेले की मोठी माय सगळ्यांसमोर विचारते, नर्स आणली काय वं? मी नाई म्हणते. मग ती बोलते, आणि भलतं बोलते. बाबा तिला थांबवायला जातात, तर मीच त्यांना नको म्हणते. बोलायचा तिला हक्क आहे. माझ्या अर्जावर पहिला अंगठा तिचा आहे.